काशीचं माहेर शोधायचं आहे: नेर-दारव्हा भाग, १९०० च्या आधीची बाई

नेरची लेक

मंडळी, नमस्कार. प्रश्न लांबडा आहे, पण तुकड्यातुकड्यानं सांगितला तर कळणार नाही, म्हणून सगळंच लिहिते.

मला माझ्या वडिलांच्या पणजीचं माहेर शोधायचं आहे. तिचं नाव काशी. आमच्या गावात लग्न होऊन आली, तरणेपणीच नवरा वारला, आणि मोठ्या दुकाळात एकुलतं पोरगं पदरात घेऊन तिनं आमचं वावर राखलं. आज सात चुलत घरं त्या वावरावर आहेत. सातबाऱ्यावर त्याला गट नंबर आहे, पण गावात कुणालाही विचारा, ‘बेवाचं वावर’ असंच सांगतील. कापूस वेचायला येणाऱ्या बायाही “उद्या बेवाच्या वावरात” असं एकमेकींना सांगतात. लहानपणी मला ते कुणाचं तरी नाव वाटायचं. बेवा म्हणजे विधवा, हे लग्नानंतर कळलं.

आमच्याकडे भाट यायचा. शेवटचा आला तेव्हा मी तिसरीत असेन. ओसरीवर बसून त्यानं नऊ पिढ्या म्हणून दाखवल्या, बापाचा बाप, त्याचा बाप. आबाजीनं, म्हणजे माझ्या आजोबानं, त्याला पायलीभर ज्वारी घातली. नऊ पिढ्यांत एकही बाई नव्हती, आणि ती ज्वारी काशीनं राखलेल्या वावरातली होती. हे मला तेव्हा कळलं नाही, आता झोपताना आठवतं.

मी गावात आशा म्हणून काम करते. रजिस्टरात गरोदर बाईचं नाव, नवऱ्याचं नाव आणि बाळंतपणाला कुठं जाणार तो पत्ता लिहिते. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं गावातल्या प्रत्येक सुनेचं माहेर मला पाठ आहे. माझ्याच घरातल्या बाईचं तेवढं नाही.

माझ्याजवळ काय आहे ते सांगते.

वडील सांगायचे, काशी मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत गेली, तेव्हा आबाजी सहा वर्षांचे होते. आबाजीचा जन्म १९१२ चा, म्हणजे साल १९१८ जुळतं. माहेराबद्दल वडील एवढंच म्हणायचे, “ते पल्याडची होती.” कशाच्या पल्याड, ते मी कधी विचारलं नाही. आता वडील नाहीत.

दुसरं, माझी आत्या. वय चौऱ्याऐंशी. घरात जातं आहे ते आता नुसतं कोपऱ्यात उभं असतं, पण आत्या दळायची तेव्हा एक ओवी म्हणायची. तिनं ती तिच्या आजीकडून ऐकली, आणि आजी म्हणजे काशीची सून:

माह्या माहेराच्या वाटे आडवी बेंबळा वाहे,
पल्याडच्या पाराखाली वाट भाऊ माहा पाहे.

तिसरा एक कागद. सागवानी पेटीत, हळदीचे डाग पडलेल्या फडक्यात गुंडाळलेला. वर राणीच्या तोंडाचा छापील शिक्का. खाली सगळं मोडी, शाई तांबूस पडलेली. घडी पडते तिथं कसरीनं खाल्लंय. शेवटी उजव्या अंगाला वाटाण्याएवढं एक वर्तुळ काढलंय, हातानं. त्याची दोन टोकं नीट जुळलेली नाहीत. ते शून्य आहे, शिक्का आहे की दौतीचा डाग, मला समजत नाही.

एका कार्यालयात जाऊन आले. “जातीचा दाखला काढायचाय का?” असं विचारलं. नाही म्हटलं. “मग जुनं रेकॉर्ड कायले पाहिजे?” मी सांगितलं, आमच्या पणजोबाच्या आईचं माहेर शोधायचं आहे. ते हसले नाहीत, पण पुढचा माणूस बोलावला. मी उन्हातून घरी आले.

कुठून सुरू करू? कागदाचा फोटो खाली जोडला आहे.

हिंगणघाटवासी

ताई, बंदोबस्ताची मिसल, म्हणजे सारा ठरवताना केलेलं गावाचं जुनं दप्तर, काढा. आमच्या पाच पिढ्या त्यातच सापडल्या. १९१६-१७ च्या आसपासची असते, नाव, बापाचं नाव, जात, सगळं लिहिलेलं. जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करा, नक्कल मिळते.

अभिलेखात बत्तीस वर्षं

हिंगणघाटच्या भाऊंनी चांगल्या मनानं सांगितलं, पण ते वर्धा नदीच्या त्या अंगाला लागू पडतं. नदीच्या पूर्वेला नागपूरकर भोसल्यांचा मुलूख, तिथं इंग्रजांनी मालगुजारी (गावचा सारा मालगुजारामार्फत घ्यायची पद्धत) बसवली, म्हणून तिकडं त्या मिसली. आपण वऱ्हाडात. वऱ्हाड निजामाचं होतं, १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं, आणि इथं मुंबई इलाख्याच्या धर्तीची खातेदारी पैमाईश, म्हणजे एकेका शेतकऱ्याच्या नावानं जमिनीची मोजणी, झाली. कागद वेगळे, त्यांची नावं वेगळी. ताईनं नेरच्या टेबलावर मिसल मागितली तर “नाही” असंच उत्तर मिळेल आणि तिला वाटेल की सगळंच संपलं.

ताई, मी या कामात केस पांढरे केले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, १९०५ पर्यंत यवतमाळ जिल्हा या नावाचा जिल्हाच नव्हता. वणी जिल्हा होता. तुमचं नेर तेव्हा दारव्हा तालुक्यात. जुन्या कागदावर ‘जिल्हे वणी’ दिसलं तर परक्या गावचा कागद समजून बाजूला ठेवू नका. माझ्यासमोर लोकांनी असे कागद बाजूला ठेवलेले आहेत.

दुसरी, कोतवाल बुक. गावच्या पाटील-कोतवालानं दिलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, त्या आता तहसिलाच्या अभिलेख कक्षात असतात. तुमचं साल पक्कं आहे हे फार मोठं भांडवल. मानमोडीचा जोर १९१८ च्या दिवाळीच्या आगेमागे होता, आणि आपला मध्यप्रांत-वऱ्हाड त्यात देशात सगळ्यांत जास्त होरपळला. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर एवढी तीन महिन्यांची पानं मागा, सगळं वर्ष मागू नका. नाव ‘काशी’ एवढंच शोधू नका. आपल्याकडं बाई कागदावर एकटी येत नाही, ‘जौजे अमका’ म्हणजे अमक्याची बायको किंवा ‘बेवा अमका’ म्हणून येते. नजर नवऱ्याच्या नावावर ठेवा. कधी कधी बाईचं नाव लिहिलेलंच नसतं, ‘अमक्याची आई’ एवढ्यावर नोंद संपते. तशी दिसली तरी ती घ्या.

जन्माच्या नोंदीत याच्या उलट. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी एवढंच. बारसं व्हायच्या आत नोंद व्हायची, मग बाळाचं नाव कुठून येणार? तुम्ही पहिल्या बाळंतपणाचं लिहिलंत ते मला फार आवडलं. खरं आहे, घरातल्या थोरल्या लेकराची जन्मनोंद बापाच्या गावात शोधून लोक थकतात आणि ती असते आईच्या गावात. काशीच्या मुलाच्या वेळचं बुक शिल्लक असणं कठीण, पण आबाजीच्या आईचं माहेर हुडकायला ही युक्ती चालेल.

तिसरी, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मूळ पैमाईशीचं शेतवार पत्रक मागा. त्यात वावर आधी कुणाच्या नावावर होतं ते दिसेल. माहेर दिसणार नाही. शिरगणतीच्या मागं लागू नका. ती १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी झाली, पण त्या काळच्या माणसामाणसाच्या नावांची पानं जपलेली नाहीत, आकडेच छापले गेले.

आणि एक नाजूक गोष्ट, राग मानू नका. आपल्या शेतकरी घरांत तरण्या विधवेचा पाट लागायचा, मोहतूर म्हणतात ते. तसं झालं असेल तर ती कागदावर दुसऱ्या नवऱ्याच्या नावानं सापडेल. घरची माणसं हे सांगत नाहीत. मनात असू द्या.

अर्जात कारण विचारलं तर ‘वंशावळीकरिता’ असं लिहा. तो शब्द टेबलावर चालतो.

नेरची लेक

काकाजी, तुमचे किती आभार मानू. ‘जिल्हे वणी’ हे मला सात जन्मात कळलं नसतं. पाटाचं विचारलंत ते बरोबरच. आत्याला विचारलं. म्हणाली, “नाही वं बाई, ते वावर सोडूनच गेली नाही, मग पाट कुठं लागते?” तरी मनात ठेवते.

मोडी वाचणारा, अकोला

ताई, फोटो मोठा करून दोन संध्याकाळी बसलो. आधी त्या वर्तुळाचं सांगतो, कारण ते बघून मलाच हुरूप आला.

ते शून्य नाही आणि डागही नाही. ती बांगडी आहे. लिहिता न येणारा माणूस सहीच्या जागी आपली निशाणी काढायचा. कुणब्याचा नांगर, बाईची बांगडी. शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, ‘निशाणी बांगडी काशी बेवा’, आणि पुढं तुमच्या पणजोबांच्या वडिलांचं नाव. म्हणजे ती रेघ काशीनं स्वतः ओढलेली आहे. टोकं जुळली नाहीत कारण बोरू हातात धरायची सवय नव्हती. बांगडी बघून ती सवाष्ण होती असा अर्थ मात्र काढू नका. बाईची सही म्हणजे बांगडी, नवरा असो नसो.

कागद गहाणखताचा आहे. तिथी माघ शुद्ध दशमी, शके १८२१, विकारीनाम संवत्सरे. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले तर १८९९ येतं, पण माघ महिना इंग्रजी वर्ष बदलल्यानंतर पडतो, म्हणून एकोणऐंशी मिळवायचे: फेब्रुवारी १९००. पाऊस बुडाला तो १८९९ चा, आणि हा त्यानंतरचा उन्हाळा तोंडावर आलेला. अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलाची पालनकर्ती म्हणून तिनं साठ रुपये घेतलेत, ‘पोटास व बियाण्यास’ असं कारण दिलंय. कदाचित म्हणूनच हा दस्त घरगुती राहिला. शंभर रुपयांच्या वरचं गहाण असतं तर नोंदणी करावी लागली असती आणि दुय्यम निबंधकाच्या सूचीत शोधता आलं असतं.

आता माझा तुम्हाला प्रश्न. हा कागद तुमच्या पेटीत कसा? गहाणखत सावकाराकडं राहतं. कर्ज फिटलं तरच परत येतं. कृपा करून मागच्या बाजूचा फोटो पाठवा. आणि खालच्या डाव्या कोपऱ्याचा वेगळा, जवळून, सकाळच्या उजेडात. तिथं साक्षी आहेत. विधवेच्या कागदाला सावकार तिच्या माहेरचा माणूस साक्षीला मागायचा, उद्या भाऊ भांडायला येऊ नये म्हणून. मी असे पुष्कळ कागद पाहिले.

ओवीवर मात्र एकदम भरवसा ठेवू नका. ओव्या सुनांबरोबर गावोगाव फिरतात. बेंबळा काशीची असेल, तुमच्या आत्याच्या आजीचीही असेल. कागदाशी जुळली तर धरायची.

कारंज्याची सून

ताई, मी कागदातली जाणकार नाही, पण एक अनुभव सांगते. माझ्या सासूबाईंच्या आजीचं माहेर आम्हाला त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीत सापडलं. तिथले आणि नाशिकचे तीर्थोपाध्ये गावागणिक नामावळी ठेवतात. कोण आलं, कुणाच्या अस्थी आणल्या, बरोबर कोण होतं, घरात कोण कोण आहे. आपल्या आडनावापेक्षा गावाचं नाव आधी विचारतात, म्हणून गावाचं जुनं नाव माहीत असू द्या.

आम्ही चूक केली ती तुम्ही करू नका. आम्ही बाईच्या नावानं शोधत बसलो. गुरुजींनीच समजावलं. पिंड देताना बापाकडच्या तीन पिढ्या घेतात तशा आईकडच्याही घेतात, आईचा बाप, त्याचा बाप. म्हणजे काशीचा मुलगा जर कधी तीर्थाला गेला असेल, तर तिथं बसून त्यानं आपल्या आईच्या वडिलांचं नाव तोंडानं सांगितलं असेल. तुमच्या पणजोबांची नोंद शोधा, काशीची नाही. काशी त्यातच असेल.

आपल्याकडं कौंडण्यपूर रुक्मिणीचं माहेर म्हणून तिची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते, चारशे वर्षं झाली. देवीचं माहेर आपण सांभाळलं, तर आपल्या घरच्या बाईचंही सापडायला पाहिजे. मला तुमचा प्रश्न वाचून रडू आलं, एवढंच सांगायचं होतं.

नेरची लेक

दीड महिना झाला, तुम्ही सगळे वाट बघत असाल. पोलिओचा राऊंड होता, मग सर्वेक्षण, मग तुरीची सोंगणी. आता बसून लिहिते.

आधी कोतवाल बुक. काकाजींनी सांगितलं तसं तीन महिने लिहून दिले, कारण ‘वंशावळीकरिता’. या वेळी भेटलेल्या बाईंनी स्वतः गठ्ठा सोडून दिला. पानं पिवळी, कडा हात लावला की गळतात. ऑक्टोबर १९१८ उघडलं आणि मी बराच वेळ काही शोधलंच नाही. एरवी आमच्या गावाच्या एका महिन्याच्या नोंदी चार-पाच ओळीत संपतात. इथं पानामागून पान. कारणाच्या रकान्यात वरून खालपर्यंत एकच शब्द, ताप. ताप. ताप. पुढं पुढं लिहिणारा कंटाळला की त्याचाही हात कापत होता कोण जाणे, नुसत्या खुणा केल्यात, वरीलप्रमाणे म्हणून. एका घरातले चौघं सलग आहेत. ते घर आमच्या गल्लीतलं, आज तिथं मोकळी जागा आहे. लोक म्हणतात तिथं घर टिकत नाही. कारण मला त्या पानावर दिसलं.

काशी नोव्हेंबरात सापडली. ‘काशी बेवा’, नवऱ्याचं नाव, वय ५०, ताप. म्हणजे पाट लागला नव्हता, आत्याचं खरं. जन्म १८६८ च्या आसपासचा. गहाणखतावर बांगडी काढली तेव्हा तीस-बत्तीसची असेल, माझ्या थोरल्या सुनेएवढी. नक्कल घेतली.

मग कागदाच्या मागच्या बाजूचा फोटो काढला. मी तो कागद इतक्या वेळा हातात घेतला, पण उलटून कधी पाहिला नव्हता. मागं चार ओळी आहेत. अकोल्याच्या भाऊंनी वाचून फोनवर सांगितल्या. शके १८२७, ‘मुद्दल व व्याज भरून पावलो’, आणि सावकाराची सही. १९०५-०६ साल. सहा वर्षांत तिनं साठ रुपये आणि वरचं व्याज फेडलं. कशातून फेडलं असेल? पोरगं लहान, गडी ठेवायला पैसा नाही. मी त्या वावरात उभी राहून खूप विचार केला. आमच्या धुऱ्यावर मोहाची तीन झाडं आहेत, फार जुनी, आणि वडील ती तोडू देत नसत. “बुढीची आहेत,” म्हणायचे. बुढी म्हणजे त्यांची आई असं मी समजत होते.

आणि साक्षी. दोन आहेत. पहिला आमच्याच गावचा पाटील. दुसऱ्याचं नाव स्पष्ट आहे, ते इथं देत नाही कारण त्या घरची माणसं आज आहेत, त्यांना आधी विचारायला पाहिजे. पुढं ‘राहणार मौजे’ आणि गावाचं नाव, ‘तालुके चांदूर’. ते गाव आता नांदगाव खंडेश्वर तालुक्यात येतं, अमरावती जिल्हा. मधे एक शब्द होता तो कसरीनं अर्धा खाल्लाय. भाऊ म्हणतात ‘बंधू’ असावं, पण शिल्लक अक्षरावरून शपथ घेणार नाहीत. मीही घेत नाही. कारंज्याच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे त्र्यंबकला जाऊन पणजोबांची नोंद बघायची आहे, तिथं काशीच्या बापाचं नाव याच्याशी जुळलं तर पक्कं.

पण नकाशा उघडून पाहिला. आमच्या गावावरून त्या गावाला जायचं तर बेंबळा आडवी येते.

त्या गावात आमच्याकडच्या एका आशाताईची बहीण दिली आहे. तिच्यामार्फत निरोप धाडला. त्या आडनावाची तीन घरं आहेत, आणि एका घरातल्या म्हातारबाबांनी निरोप पाठवला की आमची एक बाई नेरकडे दिली होती असं ऐकून आहोत, दुकाळात तिला न्यायला गेले तर ती आली नाही. एवढंच त्यांना ठाऊक. तिचं नाव त्यांच्याकडे कुणालाच माहीत नाही. ते मी घेऊन जाणार आहे, नक्कल आणि कागदाची झेरॉक्स, दोन्ही.

येत्या रविवारी जातोय. आत्या म्हणते मीही येतो. गुडघे चालत नाहीत, तरी हट्ट धरून बसली आहे. काल रात्री लुगडं काढून ठेवलं आणि मला विचारलं, “रस्त्यात नदी लागते का वं?” मी म्हटलं, लागते, पण आता पूल आहे. तर म्हणाली, “पुलावर गाडी थांबवजो जराशीक.”